इथं बनलेला माल

खरेदी विभागाच्या साहेबांनी टेबलावर दोन बुश ठेवले आणि विचारलं, यातला तुमचा कोणता?

आम्ही दोघं समोर बसलो होतो, मी आणि भाऊ. भाऊ म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. कंपनी हे आपलं म्हणायला. टाकव्यात पत्र्याचा एक गाळा, रबर तापवून साच्यात दाबणारे सहा प्रेस आणि वीसेक बायका, एवढाच पसारा. गाडीच्या चाकामागे लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून रबराची जाड कडी बसवतात, तिला बुश म्हणतात. आम्ही ते बनवायचो आणि चाकणकडच्या एका मोठ्या कारखान्याला द्यायचो. माल तपासायचं काम माझ्याकडे होतं.

मी दोन्ही बुश हातात घेतले, दाबून पाहिले. आमचा कोणता ते मी सांगितलं, पण दुसऱ्यात खोट काढता येईना. तोही चांगलाच होता. साहेब म्हणाले, हा थायलंडचा. त्यांच्याशी आपला मुक्त व्यापाराचा करार आहे, आयात शुल्क लागत नाही. मग त्यांनी त्याचा भाव सांगितला आणि या भावात देता येईल का ते कळवा म्हणून उठले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, दटावणी नव्हती. त्यांनाही कुणीतरी वरून भाव विचारत असणार.

परतीच्या वाटेवर तळेगाव मागे पडलं. मग भाऊ म्हणाले की त्या पैशात आपलं नुसतं रबर येतं. तयार बुशवर शुल्क नाही आणि ज्या रबराचा तो बनतो त्या रबरावर मात्र शुल्क, असा तो मामला होता. केरळातल्या रबराच्या बागा टिकाव्यात म्हणून ते ठेवलंय, हे मला पुढे कळलं. त्या बागवाल्यांच्या जागी मी असते तर मीही तेच मागितलं असतं. पण त्या दिवशी गाडीत आमच्याजवळ एवढा विचार नव्हता.

"पीठ म्हाग आन तयार भाकरी सवस्त," भाऊ म्हणाले. "आता चूल कोन पेटवनार?"

भाऊ टाकव्याचेच. तरुणपणी पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेसवर काम केलेलं. पुढे घरची भातखाचरं विकली गेली, तेव्हा भावकीतल्या बाकीच्यांनी गाड्या घेतल्या, बंगले बांधले. भाऊंनी प्रेस घेतले. लोक हसले होते म्हणे. मी त्यांच्याकडे आले ती एका मोठ्या कंपनीतून. तिथे मी कंत्राटावर होते. मला दिवस गेल्याचं कळल्यावर कंत्राट पुढे वाढवलं गेलं नाही, एवढंच. कुणी कारण सांगितलं नाही. मूल झाल्यावर कुठे काम मिळेना. भाऊंनी विचारलं, बाळ कुठे ठेवशील? मी म्हणाले, आई सांभाळेल, पण अंगावर पाजायला मधे जावं लागेल. ते म्हणाले, त्यात विचारायचं काय, जात जा. त्या एका वाक्याचं ओझं मी पुढे बरीच वर्षं वागवलं, आणि मी जे सांगणार आहे त्यात ते ओझं होतंच.

चाकणहून आल्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. कुणी काही बोलत नसे, पण गाळ्यात सगळ्यांना सगळं कळतं. भाऊ फोनवर बोलायला बाहेर जांभळीखाली गेले की बायकांचे हात हळू व्हायचे. ते आत आले की पुन्हा भरभर चालायचे. जेवणाच्या सुट्टीत कुणी कुणाच्या डब्यात डोकावत नव्हतं. एखादी धीर करून मला विचारायची, ताई, काय ठरलं? मला खरंच माहीत नसायचं.

मग एका सकाळी टेम्पो आला. त्यातून रबर नाही, खोके उतरले. खोक्यांत बुश होते, थायलंडचे, तयार. आता हे खोके फोडायचे, माल पुसायचा, तपासायचा आणि चाकणला लावून द्यायचा, असं भाऊंनी सांगितलं. यात लपवाछपवी नव्हती. चाकणच्या कारखान्याला माहीत होतं, त्यांनीच सुचवलं होतं. त्यांना आयातीची कटकट नको होती आणि भाऊंना गिऱ्हाईक तोडायचं नव्हतं. हिशोबाने पाहिलं तर त्यात चूक काहीच नव्हती. फक्त प्रेस गार पडले.

पुसायला आणि मोजायला वीस बायका लागत नाहीत. कुणी कान्ह्याला भाजीचा गाडा लावला, कुणी वडगावला दवाखान्यात साफसफाईला लागली, दोघीतिघी घरी बसल्या. प्रेस एकेक करून विकले गेले. शेवटी दोन उरले, तेही त्यांना कुणी विचारलं नाही म्हणून.

जाणाऱ्यांत मावशी होत्या. गाळ्याचं शटर पहिल्यांदा उघडलं त्या दिवसापासून त्या पहिल्या प्रेसवर. सगळ्या बायका त्यांचं ऐकायच्या. गावातल्या बुद्धविहाराच्या कामातही त्या पुढे असायच्या, त्यामुळे चारचौघांत बोलायची त्यांना भीती नव्हती. त्या गेल्या तेव्हा रडल्याबिडल्या नाहीत. लोणावळ्याला एका बंगल्यात त्यांना काम मिळालं होतं. शनिवार-रविवार पाहुणे यायचे, त्यांच्या चादरी, फरश्या, भांडी. जीपने कान्हे स्टेशन आणि तिथून गाडीने लोणावळा, असा रोजचा फेरा.

असं साधारण दीड-दोन वर्षं चाललं. मग इंग्लंडशी आपला करार झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. तिकडे जाणाऱ्या बऱ्याच मालावरचं शुल्क निघणार होतं. मुंबईच्या एका एजंटाने भाऊंना फोन केला: तिकडची एक खरेदीदार बाई बुश बनवणारे छोटे कारखाने शोधतेय, लोणावळ्याला दोन दिवस मुक्काम आहे, शनिवारी भेटा. भाऊंच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी रंग आला. मला म्हणाले, तू चल, इंग्रजी तुलाच बोलायचंय.

पावसाळा सरला होता. जुन्या हायवेच्या दोन्ही अंगांना भात पिवळं पडलं होतं. कामशेत ओलांडलं आणि पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली, आमची गाडी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. तेव्हा भाऊंनी विषय काढला.

करारातली अट मला माहीत होती. शुल्काची सवलत पाहिजे तर माल आपल्या देशात बनलेला असला पाहिजे. तिसऱ्या देशातून आणून नुसता खोका बदललेला चालत नाही. भाऊंनाही ते माहीत होतं. आमच्याकडे दोन प्रेस आणि त्या बाईंना माल पाहिजे होता तो सहा प्रेसनाही पुरून उरेल एवढा.

"त्या इचारतील माल कुटं बनतो," भाऊ समोर बघत म्हणाले. "तू सांगायचं, समदा हितंच."

मी म्हणाले, "भाऊ, हे मी इंग्रजीत सांगणार नाही."

"मराठीत सांगशील?"

"मराठीतही नाही."

त्यांनी एकदम आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. पण कार्ल्याच्या फाट्यापर्यंत त्यांची बोटं स्टिअरिंगवर वाजत होती. मग ते बोलायला लागले ते थांबेनात. मला काय हौस आलीय का, एकदा ऑर्डर हातात आली की प्रेस परत घेता येतील, बायका परत येतील, मग समदा माल खराच हितं बनंल, आधी खोटं आन मग खरं, जगात सगळे असंच करतात. मी ऐकत होते. त्यातलं बरंचसं मला पटतही होतं, आणि त्याचीच भीती वाटत होती. बाळाला पाजायला जायची मोकळीक देणारा माणूस शेजारी बसला होता आणि पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागत होता.

हॉटेल दरीच्या कडेला होतं. बाई पन्नाशीच्या, साध्या सुती कपड्यातल्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आधी माझं शिक्षण विचारलं, मग रबर कुठून घेता, किती वेळ तापवता, साचे कुणाचे, असं एकेक. त्यांना काम कळत होतं. मी भाऊंना मराठीत सांगायचे, त्यांचं उत्तर इंग्रजीत करायचे.

मग त्यांनी विचारलं, प्रेस किती आहेत, आणि हा सगळा माल तुमच्याकडेच बनतो ना?

मी ते भाऊंना सांगितलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते एजंटाकडे वळले आणि हिंदीत म्हणाले, "छह हैं. सब माल हमारे यहाँ ही बनता है."

एजंटाने ते लगेच इंग्रजीत करून टाकलं. म्हणजे माझी गरजच उरली नाही. बाईंनी मान हलवली, चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, छान, मग उद्या सकाळी मला तुमचा कारखाना बघायचाय.

परत येताना भाऊ गाडी बाजूला घेऊन फोन लावत होते. जुन्या बायकांना एकेक करून. उद्या सकाळी या, प्रेस चालू करायचेत. एवढंच. किती दिवसांसाठी, ते सांगत नव्हते. नसलेले प्रेस दुरुस्तीला गेलेत असं सांगायचं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं. मावशींना फोन लागला तेव्हा फोन स्पीकरवर होता. पलीकडे पाण्याचा आवाज येत होता, त्या बंगल्यात काहीतरी धूत होत्या. प्रेस चालू करायचेत, हे ऐकल्यावर पाणी बंद झालं. त्या म्हणाल्या, "येते."

रविवारी सकाळी मी गाळ्यावर पोचले तेव्हा दोन्ही प्रेस तापायला लावले होते. तापल्या रबराचा तो वास, जो पूर्वी केसांतून जाता जात नसे, पुन्हा येत होता. सात-आठ बायका आल्या होत्या. थायलंडचे खोके मागच्या भिंतीला रचून वर ताडपत्री ओढली होती. बायका हसत होत्या, एकमेकींच्या पोरांची चौकशी करत होत्या. मावशी आपल्या प्रेसपाशी उभ्या राहून साचा पुसत होत्या. मला पाहून म्हणाल्या की बंगल्यात रविवारचं लय काम असतं, येणार न्हाई म्हटल्यावर मालकीण चिडली, म्हणाली मग परत येऊच नको. मावशी म्हणाल्या, बरं झालं, न्हाईतरी मी सोडनारच होते.

मला ते ऐकवेना. मी त्यांना बाहेर नळापाशी नेलं आणि सगळं सांगितलं. कालची भेट, भाऊंचं बोलणं, दुरुस्तीची थाप. ऑर्डर आली तर काम सुरू होईल, पण आज आहे तो देखावाच. आणि आली तरी जास्तीचा माल त्या ताडपत्रीखालचाच जायचा.

मावशींनी नळ सोडला, हात धुतले, पदराला पुसले. आत गेल्या आणि थेट भाऊंसमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ, मला आजच्या पुरतं बोलावलंय का कामाला बोलावलंय?"

भाऊ म्हणाले, "मावशी, आदी आजचा दिस पार पडू द्या."

"मंग न्हाईच म्हना की."

भाऊ दाराकडे वळले. मला वाटलं मावशी पिशवी उचलून चालू लागतील आणि त्यांच्यामागे सगळ्याच. पण त्या परत प्रेसपाशी गेल्या. म्हणाल्या, तापलाच हाय तर एक घाणा काढते. आणि रबराचे तुकडे साच्यात भरायला लागल्या. बाकीच्या बायका आपापल्या जागी गेल्या. आता कुणीही हसत नव्हतं. भाऊ दारात उभे होते, रस्त्याकडे तोंड करून.

बाईंची गाडी आली. एजंट पुढे धावला, भाऊंनी हार आणला होता तो घालायचं राहूनच गेलं. बाई आत आल्या आणि आधी मावशींपाशी थांबल्या. मावशींनी प्रेस उघडला, साचा ओढला, बुश काढून ताटात ठेवले, साचा पुन्हा भरला. त्यांनी वर पाहिलंही नाही. बाईंनी हे सगळं शांतपणे पाहिलं. मग त्यांची नजर जमिनीवर गेली. विकलेले प्रेस जिथे होते तिथे सिमेंटवर तेलाचे काळे चौकोन उरले होते आणि बोल्ट कापलेले होते. दुरुस्तीला नेलेल्या मशीनचे बोल्ट कुणी कापत नाही.

बाईंनी मला विचारलं, बाकीचे कुठे आहेत?

मी भाऊंकडे वळले. "बाकीचे प्रेस कुठे, असं विचारतायत."

एजंट काहीतरी बोलायला लागला होता. भाऊंचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ते मावशींच्या पाठीकडे बघत होते. मावशींचे हात चाललेच होते, पण त्या ऐकत होत्या हे सगळ्यांना दिसत होतं. प्रेसच्या तेलाचा पंप तेवढा घुमत होता.

"सांग त्यांना," भाऊ म्हणाले. "इकले म्हनून सांग."

मी सांगितलं. मग ते स्वतः मागच्या भिंतीपाशी गेले आणि ताडपत्री ओढून काढली. "ह्यो थायलंडचा," ते म्हणाले. "आन त्यो तितं ताटात हाय त्यो आमचा. आमचा पायजेल आसंल तर थोडाच मिळंल. हे पन सांग."

मी तेही इंग्रजीत सांगितलं. एजंट हिंदीत पुटपुटत होता, ये क्या कर रहे हो. बाईंनी हाताने त्याला थांबवलं आणि मला भराभर प्रश्न विचारले. हे खोके कुणाला जातात? त्यांना ठाऊक आहे का? प्रेस का विकले? मी रबरावरच्या शुल्काचं सांगितलं, बायकांचं सांगितलं. त्यांनी ताटातला एक बुश उचलला. तो अजून गरम होता, म्हणून या हातातून त्या हातात करत राहिल्या. मग भाऊंकडे पाहून एक वाक्य बोलल्या आणि मी ते मराठीत करायची वाट बघू लागल्या.

वाक्य असं होतं की काल तुम्ही मला खोटं सांगितलंत.

आतापर्यंत भाऊंना मी उलटून एक शब्द बोलले नव्हते, गाडीतलं सोडलं तर. आता सगळ्या बायकांदेखत मला हे त्यांना सांगायचं होतं. मी म्हणाले, "भाऊ, काल जे सांगितलं ते खरं नव्हतं, असं म्हणतायत."

"व्हय," भाऊ म्हणाले.

त्याचं इंग्रजी करायची गरज पडली नाही. बाईंनी तो बुश पर्समध्ये ठेवला, मावशींना मान लववून नमस्कार केला आणि गेल्या. चहा तसाच राहिला. एजंट जाताना भाऊंना म्हणाला की तुमच्यासारख्यांसाठी फोन करणं ही माझीच चूक.

भाऊंनी स्वतः जाऊन प्रेस बंद केले. मग सगळ्या बायकांना म्हणाले, मला माफ करा, आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. मावशींना मात्र त्यांनी जाऊ दिलं नाही. उद्यापासून यायचं, पुसायच्या टेबलावर का होईना, असं मला त्यांना सांगायला लावलं. मावशींनी थोडा विचार केला. बंगल्याचं काम तर गेलंच होतं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या. त्या दोघांत बरेच दिवस बोलणं नव्हतं. काही सांगायचं झालं की दोघंही मला सांगायचे.

भाऊ माझ्यावर रागावले होते का, हे मला आजही नीट माहीत नाही. मावशींना मी सांगितलं, हे त्यांना कळलं होतं. एकदा गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, तू तितं नळावर गेली नसतीस तर मी दुरुस्तीचं सांगून मोकळा झालो असतो. ते बरं म्हणाले की वाईट, मी विचारलं नाही.

बाईंकडून काही येईल असं कुणालाच वाटत नव्हतं. दिवाळी गेली. मग एक मेल आली, एजंटाला वगळून थेट आम्हाला. दोन प्रेसवर जेवढा निघेल तेवढाच माल, चाचणीपुरता. रबर खरेदी केल्याचा पुरावा प्रत्येक खेपेला, आणि त्यांच्या माणसाने कधीही न सांगता येऊन बघायचं. भाऊंनी ती मेल माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि मावशींना हाक मारली, स्वतः.

आता गाळ्यात दोन्ही चालतं. शटरजवळच्या टेबलावर थायलंडचे खोके फुटतात, ते चाकणला जातात. त्यावरच गाळ्याचं भाडं आणि बहुतेकींचे पगार निघतात. मागे दोन प्रेस धडधडतात, त्यांचा माल समुद्रापार जातो. तेलाचे चौकोन अजून रिकामेच आहेत. पूर्वीच्या वीसपैकी आता नऊ जणी कामावर आहेत. भाजीचा गाडा लावलेलीला आम्ही विचारलं, तर ती म्हणाली, आता माझं मी बघते. चाकणहून मधूनमधून फोन येतो, भाव अजून खाली आणा म्हणून, आणि तो ठेवल्यावर भाऊ जांभळीखाली जाऊन उभे राहतात.

परवा जेवणाच्या सुट्टीत मावशींनी मला विचारलं, नवा करार कुनाशी व्हतोय म्हनं? मी मोबाईलवर बातमी वाचून दाखवली. त्यांनी चटणी-भाकरी संपवत सगळी ऐकली.

"ह्यो आपल्या अंगानं हाय का इरुद्द?"

मी म्हणाले, अजून कळत नाही. कोणत्या मालावर किती शुल्क निघणार, ते त्यात दिलेलं नाही.

त्यांनी डबा धुवून पालथा घातला. प्रेस तापला होता. हातमोजे चढवत त्या उठल्या आणि मी बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.